डुक्कर कुणाचं, कुंपण कुणी घालायचं?

डुक्कर आणि रानडुक्कर ही एकच जात की दोन? रानडुकराचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास हाच येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो : पाळलेलं डुक्कर रानात सोडलं, तर ते खरोखरच रानटी होतं का? आणि तिसरा प्रश्न बहुतेक वेळा शेतकरीच विचारतो. पिकात शिरणाऱ्या या जनावराचा बंदुकीने कायमचा बंदोबस्त का होत नाही?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका देशाच्या इतिहासात एकत्र सापडतात. तो देश म्हणजे अमेरिका. सव्वापाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी त्या अख्ख्या खंडात एकही डुक्कर नव्हतं. आज एकट्या संयुक्त संस्थानांत मोकाट डुकरांची संख्या साठ लाखांच्या वर असावी, असा तिथल्या कृषी खात्याचा अंदाज आहे. तीसहून अधिक राज्यांतले शेतकरी त्यांना वैतागले आहेत. ही डुकरं आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू. शास्त्रज्ञांच्या लेखी गोठ्यातलं डुक्कर आणि रानातलं डुक्कर ही एकच जात आहे. 'सुस स्क्रोफा' हे तिचं नाव. आजच्या तुर्कस्तानाच्या पूर्व भागात सुमारे नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने रानडुकराला माणसाळवलं, आणि त्याच्याशी काही संबंध नसताना चीनमध्येही तेच घडलं. पण गाय-बैल गोठ्यात आले ते कायमचे, तसं डुकराचं झालं नाही. गावातली डुकरीण रानात जायची, रानातला नर गावाच्या उकिरड्यापर्यंत यायचा. तुर्कस्तानाकडून शेतकऱ्यांबरोबर युरोपात गेलेल्या डुकरांचा तिथल्या रानडुकरांशी इतका संकर झाला, की काही हजार वर्षांत मूळच्या रक्ताचा अंश नावालाच उरला. हे अलीकडच्या काळात जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून कळलं. थोडक्यात, गाव आणि रान यांच्यामधलं दार डुकराने कधी पुरतं लावूच दिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातूनच मिळतं. पाळलेल्या डुकराला सुळे नसतात असा समज आहे. सुळे असतात. पण पिल्लांचे दात लहानपणीच कापतात, आणि पुष्कळशी डुकरं सहा-सात महिन्यांची झाली की कापली जातात. सुळे दिसायला ती जगत कुठे? तेच जनावर मोकळं सुटलं की सुळे वाढतात, केस राठ होतात, आणि काही पिढ्यांत अंगकाठी सडपातळ होते. मात्र माणसाने निवडून निवडून आणलेला एक गुण त्याच्या रक्तात टिकून राहतो. तो म्हणजे भरपूर पिल्लं देण्याचा. डुकरीण गाभण राहते ती तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. वर्षाचीही न होता ती पहिल्यांदा विते आणि पुढे वर्षात दोन वेतं होऊ शकतात. गोठ्यातली सुपीकता आणि रानातला चिवटपणा एका अंगात आला, की काय होतं ते अमेरिकेने पाहिलं.

अमेरिकेच्या रानात पेकरी नावाचा एक डुकरासारखा प्राणी मूळचाच आहे. पण त्याचं कूळ वेगळं. डुकरांशी त्याचं नातं फार लांबचं आहे.

खरं डुक्कर तिकडे गेलं ते जहाजातून. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला. वाटेत कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा बेटावर त्याने आठ डुकरं घेतली, असं बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने नोंदवून ठेवलं आहे. त्या मुलखातली पुढची सगळी डुकरं या आठांचीच प्रजा, असं त्याचं म्हणणं. ती हिस्पानिओला बेटावर उतरली. आज त्या बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत. दर्यावर्दी लोकांना डुक्कर सोयीचं होतं. ते काहीही खातं, त्याला गवताचे भारे लागत नाहीत. बेटावर सोडून पुढे गेलं तरी परत येईतो ताज्या मांसाचं कोठार तयार. १५१४ साली क्यूबाच्या गव्हर्नराने स्पेनच्या राजाला कळवलं, की आणलेल्या डुकरांची संख्या तीस हजारांवर गेली आहे. साहेबाला खूश करण्यासाठी आकडा थोडा फुगवला असेल, पण बेटं डुकरांनी भरली होती याला इतर पुरावे आहेत.

मुख्य भूमीवरची गोष्ट याहून रंजक आहे. एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार १५३९ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला. बरोबर सुमारे सहाशे माणसं, दोनशेच्या वर घोडे आणि तेरा डुकरिणी. सोनं शोधायचं, नाही सापडलं तर वसाहत करायची, असा बेत. मोहिमेत असलेल्या एका पोर्तुगीज गृहस्थाने पुढे तिची हकिगत लिहिली आणि ती १५५७ साली छापली गेली. स्वतःचं नाव त्याने दिलं नाही, पण डुकरांचे आकडे दिले. उतरल्यापासून वर्षही झालं नव्हतं, तोवर तेरांची तीनशे झाली होती. मका संपला तेव्हा दे सोतोने रोज माणशी अर्धा पौंड मांस वाटायला काढलं. उरलेला कळप हाकत हाकत ही फौज दलदलीतून, नद्यांतून, डोंगरांतून पुढे गेली. १५४१ साली चिकासा लोकांनी रात्री छावणीवर हल्ला करून आग लावली, त्यात शेकडो डुकरं होरपळून मेली. तरीही १५४२ च्या मे महिन्यात मिसिसिपी नदीच्या काठी दे सोतो तापाने गेला, तेव्हा त्याच्या मागे उरलेल्या मालमत्तेत सातशे डुकरं होती.

या मालमत्तेचा लिलाव झाला. सैनिकांकडे पैसे कुठले असणार? सोन्याची खाण सापडली की पैसे द्यायचे, अशा बोलीवर त्यांनी भलत्याच चढ्या किमतीत डुकरं घेतली. खाण कधी सापडली नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येकाकडे स्वतःची डुकरं झाली. वाटेत किती हरवली, किती पळाली, स्थानिक लोकांनी किती नेली याची मोजदाद कोण ठेवणार?

इंग्रज आले ते यानंतर पासष्ट वर्षांनी. १६०७ साली त्यांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवलं. त्यांच्याकडची तीन डुकरिणी दीड वर्षात साठांवर गेल्या. मग त्यांनी नदीतल्या एका जागेवर डुकरं नेऊन सोडली. त्या जागेला आजही हॉग आयलंड, म्हणजे डुकरांचं बेट असंच म्हणतात. मजूर कमी, जंगल अफाट, ओकच्या झाडांखाली फळांचा सडा. अशा ठिकाणी डुक्कर बांधून खायला घालणारा माणूस वेडाच ठरला असता. उन्हाळ्यात सोडून द्यायचं, हिवाळ्याच्या तोंडाला लठ्ठ झालं की शोधून मारायचं. मालकी ओळखायची कशी? तर कानावरून. प्रत्येक घराची कान कातरण्याची ठरलेली पद्धत असे. कुणाची डाव्या कानाला खाच, कुणाचं उजव्या कानाचं टोक छाटलेलं. या खुणांची नोंद गावच्या दप्तरात होई. आपल्याकडे सातबाऱ्याला जे महत्त्व, ते तिकडे या कानाच्या खाचेला होतं.

या सगळ्यामागे एक कायदा होता. आपल्या विषयाचं मर्म त्यातच आहे. इंग्लंडमध्ये जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं तर जनावराचा मालक दोषी. अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहतींनी हे उलटं केलं. जनावर मोकळंच फिरणार, ज्याला पीक वाचवायचं असेल त्याने शेताला भक्कम कुंपण घालावं. कुंपण नसेल किंवा ठरल्याहून कमी उंचीचं असेल, तर नुकसानभरपाई मागायची नाही. म्हणजे डुक्कर ज्याचं, खर्च त्याचा नाही.

हा खर्च सगळ्यात आधी पडला तो तिथल्या मूळ लोकांवर. त्यांच्या शेतांना कुंपणं नव्हतीच, कारण कुंपण घालावं लागेल असं पाळीव जनावर तिथे नव्हतं. मका, भोपळा, घेवडा एकत्र लावायचा, आणि समुद्रकाठी ओहोटीला तिसऱ्या गोळा करायच्या, असं त्यांचं जगणं. आपल्या कोकणातही ओहोटीला बाया तिसऱ्या काढायला जातात, तसंच. डुकरं ओहोटीच्या वेळी त्याच किनाऱ्यावर उतरून नाकाडाने सगळं उकरून ठेवत. १६४२ साली नॅरगॅन्सेट जमातीचा प्रमुख मियांतोनोमी याने शेजारच्या जमातींना एक होण्याचं आवाहन केलं. त्या भाषणात इंग्रजांच्या बंदुकांबद्दल नव्हे, तर गाई आणि डुकरांबद्दल तक्रार होती. डुकरं आमच्या तिसऱ्यांच्या जागा नासवतात, आम्ही उपाशी मरू, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी मियांतोनोमी मारला गेला. डुकरं राहिली.

त्याच १६४२ साली तिथून जवळच बॉस्टनमध्ये एका डुकरिणीने सरकार अडवून धरलं होतं. ही हकिगत जरा सविस्तर सांगतो. रॉबर्ट कीन नावाचा एक श्रीमंत व्यापारी होता. जास्त नफा घेतो म्हणून १६३९ साली त्याला दंड झालेला, त्यामुळे लोकांचा त्याच्यावर रागच. १६३६ साली त्याच्याकडे एक भटकी डुकरीण आली. त्याने दवंडी पिटवली, कुणी हक्क सांगायला आलं नाही. वर्षभराने त्याने आपली स्वतःची म्हणून एक डुकरीण कापली. त्यानंतर शर्मन नावाची एक गरीब बाई आली आणि म्हणाली, "कापलीत ती माझी होती." चर्चने कीनला निर्दोष ठरवलं, न्यायालयातही तो सुटला. एवढ्यावर थांबला असता तर तो कीन कसला? त्याने बाईवर उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. गाव पेटलं. प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च सभेपुढे गेलं. या सभेत दंडाधिकारी आणि गावोगावचे प्रतिनिधी एकत्र बसत. सात दिवस सुनावणी चालली. बाईच्या बाजूने दोन दंडाधिकारी आणि पंधरा प्रतिनिधी, व्यापाऱ्याच्या बाजूने सात दंडाधिकारी आणि आठ प्रतिनिधी. बेरीज केली तर बाई जिंकते. पण दंडाधिकारी म्हणाले, आमच्यातलं बहुमत विरुद्ध असेल तर निर्णय होऊ शकत नाही. गव्हर्नर विन्थ्रॉप त्यांच्याच बाजूचा. हा वाद मिटेना, तेव्हा १६४४ साली दोन्ही गट वेगवेगळे बसू लागले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाची दोन सभागृहं आजही आहेत. डुकरीण नेमकी कुणाची होती, याचा निकाल मात्र लागायचा तो लागलाच नाही.

कानाच्या खाचेवरून पुढेही रक्त सांडलं. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या हॅटफिल्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचं वैर अमेरिकेत दंतकथा बनून राहिलं आहे. १८७८ साली रँडॉल्फ मॅकॉयने फ्लॉइड हॅटफिल्डच्या दारात एक डुक्कर पाहिलं आणि कानावरची खूण आपली आहे असा दावा केला. पंच नेमले सहा हॅटफिल्ड, सहा मॅकॉय. त्यातल्या एका मॅकॉयने हॅटफिल्डांच्या बाजूने कौल दिला. या खटल्यात साक्ष देणाऱ्याचा दोनच वर्षांत खून झाला आणि पुढे कित्येक माणसं गेली. आपल्याकडे बांधावरून भावकीत जे होतं, ते तिकडे कानावरून झालं. त्याआधी १८५९ साली, वायव्य कोपऱ्यातल्या सान हुआन बेटावर एका अमेरिकन माणसाने बटाटे उकरणारं इंग्रज कंपनीचं डुक्कर गोळी घालून मारलं, तेव्हा तर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर आल्या. सुदैवाने त्या लढाईत डुकराखेरीज कुणी मेलं नाही. १८७२ साली जर्मनीच्या कैसरने लवाद म्हणून बेट अमेरिकेला देऊन टाकलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वारं फिरलं. रेल्वे आली, कुंपणाचं लाकूड महागलं, काटेरी तार आली, आणि जनावर ज्याचं त्याने ते कोंडावं असे कायदे एकेका भागात होऊ लागले. दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांच्याकडे जमीन नव्हती, डुकरं होती, आणि ती दुसऱ्याच्या रानावर वाढत होती. फ्लोरिडाने मोकाट चराई बंद केली ती थेट १९४९ साली. पण कायदा कागदावर आला तरी रानात अनेक पिढ्या वाढलेली, कान न कातरलेली डुकरं कायदा वाचायला गावात थोडीच येणार होती? पाठीवर राठ केसांची रांग असलेल्या या डुकरांना तिकडे रेझरबॅक म्हणतात. आर्कान्सा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं ते नावच आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण मग हौशी श्रीमंत आले. ऑस्टिन कॉर्बिन नावाच्या रेल्वेसम्राटाने १८९० च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या शिकारीच्या राखीव रानात युरोपातली अस्सल रानडुकरं आणून सोडली. १९३८ च्या वादळात त्याचं कुंपण पडलं आणि काही बाहेर निसटली. जॉर्ज मूर याने १९१२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड डोंगरावर लाकडी कुंपणात चौदा रानडुकरं ठेवली. कुंपण उकरून ती येत-जात राहिली, आणि १९२० च्या सुमारास शिकारी कुत्री आत शिरल्यावर उरलेलीही फोडून पळाली. याच मूरने पुढे काही कॅलिफोर्नियात नेली. मोकाट गावडुक्कर आणि युरोपातलं रानडुक्कर यांची गाठ पडली, आणि आजचं अमेरिकन रानडुक्कर जन्माला आलं.

तरीही १९८० च्या दशकापर्यंत ही डुकरं सतरा-अठरा राज्यांपुरती होती. मग तीस-चाळीस वर्षांत जवळपास दुप्पट राज्यांत ती कशी पोचली? डुक्कर स्वतःच्या पायांनी इतकं लांब जात नाही. ते गेलं ट्रकमधून. शिकारीचा शौक असलेल्यांनी रात्रीच्या वेळी पकडलेली डुकरं आपल्या भागातल्या रानात नेऊन सोडली. टेनेसी राज्याचं उदाहरण पाहा. तिथे ही डुकरं मोजक्या तालुक्यांत होती. संख्या कमी व्हावी म्हणून १९९९ साली सरकारने राज्यभर शिकार खुली केली, कितीही मारा म्हटलं. शिकार करायला मिळते म्हटल्यावर लोकांनी जिथे डुकरं नव्हती तिथेही नेऊन सोडली. बारा वर्षांत ती राज्याच्या बहुतांश भागात पसरली, आणि २०११ साली ही मोकळीक काढून घ्यावी लागली. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७-०८ मध्ये डुकराच्या शेपटीमागे चाळीस डॉलर बक्षीस ठेवलं होतं. अकराशेच्या वर शेपट्या जमा झाल्या. डुकरं कमी झाली नाहीत. काही शेपट्या खाटिकखान्यातून आल्या असाव्यात, असा संशय राहिला तो राहिलाच.

बंदुकीने भागत नाही त्याला आणखी एक कारण आहे. डुकरिणी आणि पिल्लं कळपाने राहतात. दोन-चार टिपली की बाकीची पांगतात, शहाणी होतात आणि रात्रीच बाहेर पडतात. टेक्सासमधल्या अभ्यासकांचा हिशेब असा, की संख्या नुसती वाढू द्यायची नसेल तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतील. त्या राज्याने २०११ साली हेलिकॉप्टरमधून शिकारीला परवानगी दिली, तरी तिथे अजून डुकरंच डुकरं आहेत.

मग आपल्याकडे काय, हा प्रश्न येणारच. विदर्भात जागलीला जाणाऱ्या किंवा कोकणात भाताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला अमेरिकेचा इतिहास ऐकवून काय उपयोग? फरक मोठा आहे. आपलं रानडुक्कर इथलं मूळचं आहे, वाघ-बिबट्याचं ते भक्ष्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते येतं. पण कुंपणाचा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा. त्यात जनावराचा मालक दोषी, आणि डुकरांसाठी तर खास वेगळं कलम होतं. ज्याच्या डुकरांनी पीक किंवा रस्ता उकरला त्याला दहा रुपयांपर्यंत दंड. पाळलेल्या डुकराचा हिशेब असा सरळ होता. रानडुकराला मात्र कानाची खूण नाही. त्याला मारण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे, म्हणून मालकाची जबाबदारीही सरकारकडेच जाते, असं मला वाटतं. नुकसानभरपाईच्या योजना आहेत, त्या याच हिशेबाने पाहायला हव्यात. ती भरपाई म्हणजे शेतकऱ्यावर उपकार नव्हेत.

अमेरिकेने आता दिशा बदलली आहे. २०१४ साली केंद्रीय कृषी खात्याने मोकाट डुकरांसाठी दोन कोटी डॉलरचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मोठा गोल पिंजरा मांडायचा, त्यात मका टाकायचा, आणि काही दिवस दार उघडंच ठेवायचं. सगळा कळप बिनधास्त आत येऊ लागला की कॅमेऱ्यातून मोबाइलवर बघत एका क्षणात दार पाडायचं. त्यात एकही बाहेर राहता कामा नये. याच कारणाने मिझुरी राज्याच्या वनखात्याने २०१६ साली आपल्या ताब्यातल्या जमिनीवर डुकरांच्या शिकारीला बंदी घातली. पिंजऱ्याजवळ एखाद्या हौशी शिकाऱ्याने गोळी झाडली, की महिनाभराची मेहनत वाया जाते. त्या राज्यात लोकांना आता सांगितलं जातं, की डुक्कर दिसलं तर बंदूक उचलू नका, आम्हाला फोन करा.